जरा आवाज कमी कर

हार्डकोर, म्हणजे आरडाओरड्याचं भन्नाट वेगवान रॉक संगीत, ऐकायचं तर हेडफोन लावावा, हा सल्ला ज्यांच्याकडे कुकरच्या शिट्ट्या मोजायचं खातं नाही तेच देतात. आमच्या घरात ते खातं माझ्याकडे. त्यामुळे फोन ओट्यावर, मसाल्याच्या डब्याला टेकवून; आणि गाणं मिक्सर चालू असेपर्यंतच. मिक्सर थांबला की हॉलमधून आई विचारते, "कोण कुणाला मारतंय रे?"

या प्रश्नातून आजवर एकच गाणं सुटलंय. इंग्लंडच्या नेपाम डेथचं, १९८७च्या त्यांच्या पहिल्या अल्बममधलं. लांबी १.३१६ सेकंद; सगळ्यात छोटं गाणं म्हणून गिनीज बुकात गेलेलं. आईला वाटलं, झाकण पडलं.

बरं, एका बँडवर भागत नाही. ब्राझीलच्या सेपुल्तुरापाशी थांबावं, तर ते १९९६च्या अल्बमसाठी थेट शावान्ते आदिवासींच्या वस्तीत जाऊन रेकॉर्डिंग करून आलेले. मंगोलियाचे द हू घोड्याचं डोकं कोरलेलं दोन तारांचं वाद्य वाजवत घशाच्या तळातून गातात. (ते ऐकून आईनं मला हळद-दूध दिलं. खोकला मला झालाय असं तिला वाटलं.) इंडोनेशियातल्या गारुत गावाकडच्या तीन हिजाबवाल्या पोरी, व्हॉइस ऑफ बासेप्रोत, २०२४ साली इंग्लंडचा ग्लास्टनबरी संगीत महोत्सव गाजवून आल्या. आपल्या मुंबईच्या स्क्राइबनं तर २०१४च्या अल्बमला 'हेल मोगॅम्बो' नाव दिलं. तेवढं एक आईला न सांगता कळलं.

पण खरा घात केला बॅड ब्रेन्सनं. वॉशिंग्टनचे हे चौघे कृष्णवर्णीय वादक आधी जॅझ फ्युजन वाजवायचे, म्हणजे हात तयार होता. मग एवढ्या वेगानं वाजवायला लागले की ढोलताशावाल्यांनी पाणी मागावं. शिवाय रास्ताफारी, म्हणजे रेगे संगीताशी नातं असलेल्या जमैकन पंथाचे; त्यामुळे १९८२च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये मधूनच निवांत रेगे लागतं. नेमक्या अशाच एका रेगेला आई भाजी निवडायला येऊन बसली. मान डोलावली. "हे बरंय की! असलं लावत जा." मी काही बोलणार तोवर पुढचं गाणं सुरू झालं आणि मेथीची जुडी खाली.

तिला शांत करायला मी त्याच गावच्या मायनर थ्रेटचा दाखला दिला. १९८१ साली त्यांनी जेमतेम पाऊण मिनिटाचं एक गाणं केलं: दारू नको, नशा नको. त्यातून स्ट्रेट एज नावाचा पंथच निघाला. क्लबात अल्पवयीन पोरांच्या हातावर काळ्या मार्करनं फुली मारायचे, म्हणजे बारवाला ओळखून दारू देणार नाही. पोरांनी ती फुलीच मिरवायला सुरुवात केली. पुढे वयात आलेलेही हौसेनं मारून घेऊ लागले. त्यातले बरेच जण पुढे शाकाहारीही झाले.

आई भाजी निवडायची थांबली. "एवढं चांगलं वळण आहे तर ओरडतात कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या संध्याकाळी मावशी आली, तेव्हा आईनं ही माहिती तिला वेगळ्याच कारणासाठी पुरवली. मावशीच्या मुलीसाठी स्थळं बघणं चालू आहे. मला फोन घेऊन हॉलमध्ये बोलावलं गेलं.

"निर्व्यसनी म्हणे?" मावशी.

"हो. इयन मकाय. मायनर थ्रेटचा गायक."

"स्वतःचं काही आहे?"

"रेकॉर्ड कंपनी आहे. डिस्कॉर्ड. मित्रांबरोबर काढलेली."

मावशीनं चष्मा लावून जुना फोटो निरखला. डोक्याचा पार गोटा. "अरेरे. घरात कुणी गेलं का?"

"नाही गं, ती स्टाइल आहे."

"असू दे, केस काय येतील. जन्मसाल?"

"१९६२."

चष्मा परत पर्समध्ये गेला. आई मात्र हार मानणारी नव्हे. "अगं, थांब," ती म्हणाली, "त्याच्याकडे अजून आहेत. तू ब्राझीलचे दाखव रे तिला."