४६ नग आणि एक बोल्ट

आमच्या कॉलनीजवळच्या मंगल कार्यालयात परत तो सेल लागलाय. बाहेर बोर्ड 'कोणतीही वस्तू ९९', आणि आत गेलं की १९९ आणि २९९ ची टेबलं. सकाळपासून रिक्षावर भोंगा फिरतोय. आत शिरल्या शिरल्या बायका डब्यांकडे आणि पुरुष हत्यारांच्या टेबलाकडे, अशी आपोआप वाटणी होते. मी पान्यांपाशी रेंगाळले की तिथला मुलगा हमखास सांगतो, "ताई, डबे तिकडे आहेत."

डबे नकोत रे बाबा. ह्याच टेबलावर मी आजवर बरेच पैसे घातलेत, काही सत्कारणी लागले, काही गोदावरीत गेले. कशाचं काय झालं ते एकदा लिहून टाकते.

आधी बोल्टची गोष्ट. चार वर्षांपूर्वी मी असाच ४६ नगांचा गोटी सेट, म्हणजे नट-बोल्ट फिरवायच्या सॉकेटचा संच, घेतला. तुम्ही पाहिला असेल, खूप घरांत आहे: प्लॅस्टिकची पेटी, आत खाचेत बसवलेल्या चकचकीत गोट्या, एक रॅचेट, वळणारी दांडी, बिट्सची रांग. किंमत २९९. प्रत्येक नग साडेसहा रुपयांना पडला म्हणून मी स्वतःवर खूश. गोट्यांवर 'क्रोम व्हॅनेडियम', म्हणजे चांगलं कणखर पोलाद, असं ठसठशीत कोरलेलं. कोरायला काय जातं म्हणा!

महिन्याभरात लेकीच्या सायकलची सीट वर घ्यायची वेळ आली. सीटखालचा बोल्ट पाच मिलीमीटरचा, एलन कीचा, म्हणजे डोक्यात षटकोनी भोक असलेला. दोन पावसाळे खाऊन गच्च बसलेला. सेटमधली पाचची बिट लावली, जोर दिला, आणि 'कट्' झालं. मला वाटलं, सुटला! आणखी फिरवलं. मग बिट बाहेर काढून बघते तर तिचे सहाही कोपरे गुळगुळीत आणि टोक जिलेबीसारखं पिळलेलं. बिटचं सोडा हो. बोल्टचं षटकोनी भोकसुद्धा गोल होऊन बसलं होतं. आता जगातली कुठलीही चांगली एलन की आणली तरी तिला धरायला कोपराच नाही. शेवटी सायकलवाल्याने बोल्टच्या डोक्यावर एक नट वेल्ड केला आणि त्या नटाला पाना लावून बोल्ट काढला. त्याचे दीडशे गेले, आणि सीटखालचा गुलाबी रंग जळून तपकिरी झाला तो झालाच. लेक अजून तो डाग दाखवते.

"आधी स्वस्तातलं घ्या, मोडलं तर समजा की ते तुम्ही खरंच वापरता, मग चांगलं घ्या," हा सल्ला सगळेच देतात. मीही द्यायचे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की हत्यार मोडताना एकटंच मोडतं. तसं नसतं ना! स्वस्त पाना नटाचे कोपरे खातो. मऊ टोकाचा स्क्रू ड्रायव्हर फुली स्क्रूची फुली पुसून टाकतो. हत्यार गेलं शंभराचं, पण अर्धं काम आणि मिस्तरीचं बिल मागे ठेवून गेलं. म्हणून मी आता टेबलापाशी उभी राहून एवढंच बघते: हे फसलं तर सोबत काय घेऊन जाईल? नुसतं स्वतःच जाणार असेल तर खुशाल घ्यावं. नट, भिंत, वायर किंवा बोट घेऊन जाणार असेल तर ९९ ला पण महाग.

माझे बाबा इथे नाशकात सातपूर एमआयडीसीत फिटर होते. रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली, पण बुधवारी गंगेवरच्या (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) बाजाराला जाताना खिशात अजूनही एक बोटभर त्रिकोणी कानस असते. ताडपत्रीवर मांडलेली पक्कड उचलायची, विकणाऱ्याचं लक्ष नाही असं बघून तिच्या तोंडाच्या आतल्या कडेवर कानस एकदा ओढायची. पोलाद मऊ असेल तर कानस चावते, 'खर्र' होतं, बारीक बुकणी बोटाला लागते. कडक असेल तर काचेवरून नख जावं तशी सटकते. दांड्यावर घासून उपयोग नाही, दांडा मऊच असतो आणि असायलाही हवा. कडक हवी ती धरणारी आणि कापणारी जागा. एकदा एका विक्रेत्याने पकडलं त्यांना. "काका, माल खराब करताय." बाबा म्हणाले, "खराब होतोय म्हणजे खराबच आहे." मी दोन पावलं मागे सरकून मेथीचे भाव विचारायला लागले.

मला दुकानात कानस काढायचा धीर नाही. मग मी हलवून बघते. स्लायडिंग पाना हातात घेऊन त्याचा सरकता जबडा अंगठ्याने डुलवायचा. चांगल्याचा जेमतेम जाणवेल इतका हलतो, स्वस्तातला दुधाच्या दातासारखा लुकलुकतो. असा पाना नटावर बसला की जोर देताना उघडतो आणि तुमची बोटं जवळच्या पत्र्यावर आपटतात. हे स्वानुभवाने सांगतेय. पक्कड पूर्ण मिटून उजेडाकडे धरायची, जबड्यांच्या टोकात फट दिसली तर ठेवून द्यायची. हातोडीचा दांडा जिथे डोक्यात शिरतो तिथे पाचर आहे की नुसता गोंद, ते बघायचं.

मेजर टेपची मात्र उलटी गंमत. तिच्या टोकाचा हूक हलतो म्हणून कितीतरी जण टेप परत करतात. तो मुद्दामच सैल ठेवलेला असतो! वस्तूला अडकवून मोजलं तर तो बाहेर ओढला जातो, भिंतीला टेकवून मोजलं तर आत दाबला जातो, आणि दोन्ही वेळा हुकाच्या पत्र्याच्या जाडीचा हिशेब बरोबर जुळतो. स्वस्त टेप घरकामाला चालते. फक्त एका कामाला एकच टेप वापरा. आमच्याकडे तीन टेपा आहेत आणि तिघींची मतं वेगळी, त्यात एकदा पडद्याचा रॉड आखूड कापला गेला.

विजेच्या बाबतीत मी ऐकून घेत नाही. सेलमधला टेस्टर, सेलमधली लाल दांड्याची पक्कड, दोन्ही बाद. टेस्टरमध्ये निऑनच्या दिव्यासोबत एक रेझिस्टर असतो. घरातल्या २३० व्होल्ट आणि तुमच्या अंगठ्यामध्ये तो एवढासा तुकडाच काय तो उभा असतो. तो कसला घातलाय हे वरून कसं कळणार? आणि पकडीच्या दांड्याला लाल रबर चढवलं म्हणजे ती शॉकप्रूफ झाली असं नाही, ते बहुतेक वेळा नुसतं हाताला बरं वाटावं म्हणून असतं. खरोखर तपासून घेतलेल्या हत्यारावर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि '१००० व्होल्ट' छापलेलं असतं. ते असलं तरी मेन स्विच बंद करायचाच. ग्राइंडरची चकतीही तशीच. तिच्यावर मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे झेपतील हा आकडा असतो, आणि मधल्या पत्र्याच्या कडीवर मुदतीची तारीखसुद्धा. हो, चकतीला एक्स्पायरी असते! चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो. त्या वेगाने फुटलेला तुकडा कुठे जाईल ते तुम्हीच बघा.

आता जमेची बाजू. क्लॅम्प, म्हणजे वस्तू आवळून धरणारे चिमटे, स्वस्तातले घ्या, चार-सहा घ्या, कमीच पडतात. रबरी हातोडा, ग्लू गन, एकदाच वापरून फेकायचे रंगाचे ब्रश, पेटी, बादली, पुट्टीची पट्टी, सगळं बिनधास्त. हॅक्सॉची, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीची, फ्रेम साधी चालेल, पण पातं चांगलं लावा. कटरचं तेच, ड्रिलचं तेच: मशीन बेताचं असलं तरी घरात भागतं, भिंतीला भोक पाडतं ते बिटचं टोक. आमच्या घरी ह्याला 'दांडा स्वस्त, दात महाग' म्हणतात. स्पिरिट लेव्हल सेलमधली घेतली तरी हरकत नाही, एकदा ठेवून बुडबुडा बघा, मग तीच पट्टी त्याच जागी डावं टोक उजवीकडे करून ठेवा. दोन्हीकडे बुडबुडा तिथेच थांबला तर घ्या.

आणि एक गोष्ट मला खरंच कळत नाही. आपण स्वस्ताच्या मागे धावतो ते कशासाठी? टपारिया ह्या हत्यारांच्या कंपनीचा कारखाना इथे सातपूरला, माझ्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर. त्यांचा साधा टेस्टर शंभराच्या आत मिळतो. (ओळखीच्या दुकानातून घ्या, नावाच्या नकला फार आहेत.) पाच-सहा चांगली हत्यारं घेतली तरी एका हॉटेलच्या बिलात बसतात. माझ्या ४६ नगांपैकी मी चार वर्षांत मोजून सात वापरले. म्हणजे नग साडेसहाला नाही, त्रेचाळीसला पडला, वर सायकलवाल्याचे दीडशे. मोठं हॅमर ड्रिल, उंच शिडी असलं काही लागलं तर हार्डवेअरवाले भाड्याने देतात. सोसायटीत कुणाकडे तरी असतंच, फक्त परत करायची दानत हवी. (तिसऱ्या मजल्यावरचे, माझी पाइप रेंच. दिवाळीपासून.)

काल तरी सेलमध्ये गेलेच. चार क्लॅम्प आणि ९९ ची एक लोहचुंबकाची स्टीलची वाटी घेतली, स्क्रू ठेवायला. बाबांनी वाटी हातात घेतली, मूठभर स्क्रू टाकले आणि जेवायच्या टेबलावर सरळ उलटी धरली. आई ओरडली. एकही स्क्रू पडला नाही.

"बरी आहे," म्हणाले, आणि स्वतःच्या कपाटात ठेवून दिली.