काकांसाठी सोप्पा

"काका, तुमच्यासाठी एकदम सोप्पा देतो."

हे शनिवारी दुपारी, पुण्यात, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत, मला उद्देशून म्हटलं गेलं. मी ४७ वर्षांचा आहे. केस पिकलेत, मान्य. पण दुकानात शिरताना मी स्वच्छ मराठीत सांगितलं होतं, "म्हाताऱ्या आईवडिलांना वापरता येईल असा टीव्हीचा रेकॉर्डिंगवाला सेट टॉप बॉक्स हवाय, रिचार्जची भानगड नसलेला." त्यातला 'म्हाताऱ्या' एवढा एकच शब्द ऐकून त्या पोरानं मान वर केली, मला बघितलं आणि बाकीचं त्याचं त्यानं जुळवून घेतलं.

वाईच्या घरी टीव्ही एक आणि बघणारे दोन. सात वाजता बाबांना सह्याद्रीच्या बातम्या लागतात आणि सातलाच आईची मालिका लागते. पूर्वी तिथे दरमहा पैसे भरायचा रेकॉर्डर होता. एकदा रिचार्ज संपला, तर टीव्ही बंद पडलाच, पण आईनं आधी साठवून ठेवलेले भागसुद्धा दिसेनात. डबा आमचा, वीज आमची, रेकॉर्डिंगचं बटण दाबलेलं बोट आईचं, आणि कुलूप मात्र कंपनीचं. २०१९ साली आलेल्या नियमांत महिन्याला १३० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे नुसते दारात उभं राहण्याचे होते. पैशाच्या वाहिन्यांचं बिल वेगळं. शेवटी तो डबा काढला आणि गच्चीवर फ्री डिशची छत्री बसवली. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ पासून आहे, एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की महिन्याला शून्य रुपये. रेकॉर्डिंग तेवढं राहिलं होतं.

काउंटरवर माझ्या शेजारी एक गृहस्थ उभे होते. पंचाहत्तरीचे असावेत. खांद्याला कापडी पिशवी, हातात पोट उघडं पडलेला रिमोट. त्यांना त्यातल्या सेलमागची स्प्रिंग हवी होती. नवा रिमोट नको, फक्त स्प्रिंग. ती सुटी मिळत नाही हे त्यांना माझ्यादेखत तीनदा सांगण्यात आलं होतं. त्यामुळे ते आता मोकळे होते.

"रेकॉर्ड काय करणार?" त्यांनी विचारलं.

"आईची मालिका."

"ती दुसऱ्या दिवशी दुपारी परत दाखवतात."

"दुपारी आई झोपते."

"मग संध्याकाळी जागी असेल."

"संध्याकाळी बाबा बातम्या बघतात."

"वडिलांना म्हणावं, दुपारी बघा बातम्या."

"सातच्या बातम्या दुपारी कशा बघणार?"

"रेकॉर्ड करून!" ते म्हणाले, आणि समोरच्याचा वजीर उचलल्यासारखे पोराकडे वळून हसले. पोरगंही हसलं. मला तिथेच कळायला हवं होतं की आता आपण गिऱ्हाईक राहिलो नाही, करमणूक झालो आहोत.

मग त्यांच्या व्हीसीआरची कथा निघाली. मेहुण्यानं मस्कतहून आणलेला. रविवारी सकाळी रस्ते ओस पाडणारी ती मालिका त्यांनी एकही भाग न चुकवता टेप केली होती. एकदा ऐन युद्धात वीज गेली, तेवढा कर्णाचा भाग अर्धा राहिला. "तो अजून मेलेला नाही आमच्याकडे," ते गंभीरपणे म्हणाले. सगळ्या कॅसेटी माळ्यावर आहेत. पावसाळ्यांत टेपला बुरशी लागली, व्हीसीआर केव्हाच भंगारात गेला.

"मग नंतर पाहिलीत का कधी?"

"छे! वेळ कुणाला होता?"

एवढ्यात पोरानं बॉक्स पुढे ठेवला. मागे पेनड्राईव्ह लावायचा, टायमर लावायचा, झालं. सोपा म्हणून दाखवलेल्या त्या रिमोटवर मी ४४ बटणं मोजली. त्यातली चार रंगीत होती आणि ती कशासाठी हे पोरालाही ठाऊक नव्हतं. मी पैसे काढले तेव्हा ते सहज म्हणालं, "फक्त एक आहे काका, ज्या चॅनलचं रेकॉर्डिंग चालू असेल, तेवढ्यात टीव्हीवर तेच बघायचं."

शांतता पसरली. माझ्याआधी ते गृहस्थच बोलले. "म्हणजे सातला मालिका रेकॉर्ड करायची, तर टीव्हीवरही मालिकाच. मग यांचे वडील बातम्या कुठे बघणार?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. पाचशेच्या नोटा माझ्या हातात होत्या. त्या परत खिशात घालणं मला जमायला हवं होतं. पण आधीच 'काका' झालेला माणूस अजून किती मागे सरणार?

"रात्री साडेबाराला परत लागत असेल की," गृहस्थांनी मला वाचवलं. "तेव्हाचा लावा टायमर."

रविवारी वाईत टायमर लावला. सोमवारी सकाळी पेनड्राईव्ह कोरा. बाबा रात्री दहाला भिंतीवरचं बटण बंद करतात. दिवाळी असो, पाहुणे असोत, बटण बंद. तो लाल दिवा वीज खातो असं त्यांचं म्हणणं आहे. शिवाय बटण बंद झालं की बॉक्स वेळ विसरतो आणि सकाळी त्यावर १९७० साल उजाडतं. मी बटणावर चिकटपट्टी लावून 'बंद करू नये' असं लिहिलं. बाबांनी ती सोलून नीट घडी करून माझ्या हातात दिली. "भिंतीचा रंग निघतो," म्हणाले.

मग त्यांनी फायलीत लावायला बिल मागितलं. ते प्रत्येक बिल मोठ्यानं वाचतात. तारीख वाचली, रक्कम वाचली, "एवढे?" म्हणून चष्म्यावरून माझ्याकडे बघून झालं. मग अडखळले.

"ग्राहकाचे नाव... काका," त्यांनी वाचलं. "कोण हे?"

आई भाजी निवडत होती. तिनं मान वर न करता देठानं माझ्याकडे बोट दाखवलं.