"सदर इसम ऊसतोडीला गेल्याने मिळून आला नाही"

डोकं फिरलंय आज, कुठंतरी ओकल्याशिवाय झोप लागणार नाही म्हणून लिहायलेय. एसटीत बसून टाईप करायलेय, चुकलंमाकलं तर समजून घ्या.

आमच्या आक्काचं प्रकरण. गावाचं नाव सांगत नाही, बालाघाटाच्या डोंगरात असली शंभर गावं आहेत त्यातलंच एक. दाजीनं (दाजी म्हणायला जीभ रेटत नाही आता, पण सवय) दसऱ्याच्या आधीच ऊसतोडीच्या मुकादमाकडून पूर्ण कोयत्याची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि जोडीतल्या बायकोला विचारतंय कोण. ही म्हणली यंदा माझी कंबर धरलीय, मोळी उचलणं होत नाही, तर हाताला लागलं त्यानं मारलं. कोजागिरीला पोरीला काखेत घेऊन माहेरी आली. पाठीवरचे वळ मी मोजले, मोजायला नको होते.

आधी ठाण्यात गेलो. साहेब म्हणले, "ताई, घरगुती मॅटर आहे, दिवाळी तोंडावर आलीय, तोंडं गोड होऊन जातील." २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात कलम ५ मध्ये लिहिलंय की अशी बाई आली की तिला पोलिसांनीच सांगायचं, बाई तुला संरक्षण आदेश मागता येतो, संरक्षण अधिकारी असतो, वकील फुकट मिळतो. आम्हाला काय सांगितलं तर तोंड गोड करा.

मग जिल्ह्याला समुपदेशन. जायला दोन तास यायला दोन तास, तीन वेळा. तिथल्या बाई चांगल्या होत्या, खोटं काहून बोलू. पण दाजी एकदाच आला, सासऱ्याच्या म्हणजे आमच्या आण्णाच्या पाया पडला, परत हात उचलणार नाही म्हणून कागदावर सही केली, आणि त्याच संध्याकाळी फोनवर आईला शिव्या. नंतर टोळी निघाली तशी तोही गेला, अर्धा कोयता म्हणून, आणि उरलेल्या अर्ध्या उचलीसाठी मुकादम आमच्या दारात. पैसे फेडा नाहीतर बाईला पाठवा म्हणे. बाई आहे का बैल?

मग कुणीतरी सांगितलं कोर्टातून संरक्षण आदेश घ्या. घ्या म्हणे, जसं काय रेशनवर मिळायलाय. संरक्षण अधिकाऱ्याच्या ऑफिसला चार चकरा. एकदा साहेब मीटिंगला, एकदा दुसऱ्या तालुक्याचा चार्ज म्हणून तिकडं, एकदा लाईट नाही. चौथ्यांदा भेटले तर घटना अहवालाचा फॉर्मच संपलेला, झेरॉक्सवाल्याकडून आणा. आणि सगळे एका सुरात, तो घरगुती घटना अहवाल, डीआयआर म्हणतेत त्याला, तो असल्याशिवाय कोर्ट अर्ज घेतच नाही. खोटं आहे हो हे! कलम १२ प्रमाणे बाईला स्वतः डायरेक्ट मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करता येतो, तिच्या वतीनं दुसऱ्या कुणालाही करता येतो, आणि डीआयआर नसला तरी मॅजिस्ट्रेट आदेश देऊ शकतेत हे सुप्रीम कोर्टानं २०२२ ला प्रभा त्यागीच्या केसमध्ये सांगून टाकलंय. अहवाल असला तर चांगलंच, पण त्याच्यावाचून अडत नाही. हे मला कळलं तेव्हा चार चकरांचं तिकीट आणि माझ्या चार रजा जाऊन बसल्या होत्या.

एक शहाणा म्हणला सासर ज्या तालुक्यात त्याच कोर्टात जावं लागतंय. तेही खोटं. बाई जिथं राहायलीय तिथं, तात्पुरती माहेरी असली तरी तिथल्या कोर्टात चालतंय, कलम २७. वकिलाचं पण तसंच. एकानं नुसता अर्ज लिहायचे एवढे पैसे सांगितले की आण्णा शेळ्या विकायला निघाले. बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्न कितीही असू द्या, तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, १५१०० ला फोन लावला तरी सांगतेत. त्या बिल्डिंगीत आम्ही आठ दिवस हिंडत होतो, एका माणसानं ते दार दाखवलं नाही.

अर्ज पडला एकदाचा. कायदा म्हणतो पहिली तारीख शक्यतो तीन दिवसात, नोटीस दोन दिवसात बजवा, आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसात निकाल द्यायचा प्रयत्न करा. आम्हाला पहिली तारीख चोवीस दिवसांनी. गेलो तर नोटीस परत आलेली, मागं निळ्या पेनानं शेरा, "सदर इसम ऊसतोडीला गेल्याने मिळून आला नाही." म्हणून पुढची तारीख.

अरे मिळून कसा येईल! दिवाळीनंतर आमच्याकडं गावंच्या गावं रिकामी होतेत, म्हातारी माणसं आणि कुत्री राहतेत मागं, हे काय कुणाला नवीन आहे का? कारखान्याचं नाव आम्हाला पाठ, टोळी कुठं उतरलीय ते मुकादमाच्या शेजारच्याला पण माहीत, अर्जात लिहून दिलं होतं तरी नोटीस गेली ती कुलूप लावलेल्या घरी. म्हणजे मार खाल्लेल्या बाईनं आता पट्टा पडायची वाट बघायची? गाळप संपल्यावर न्याय सुरू?

शेवटी समितीकडून एक पोरगी मिळाली, वकील, माझ्याच वयाची असेल. कागद बघून आधी आमच्यावरच चिडली, म्हणली कलम २३ खाली अर्ज काहून दिला नाही? नवरा हजर नसला, नोटीस लागली नसली तरी बाईच्या शपथपत्रावर एकतर्फी अंतरिम आदेश देता येतो. तिथंच बाकड्यावर बसून तिनं शपथपत्र लिहिलं, अर्धं पान. जजसाहेबांनी वाचलं, आक्काला दोन प्रश्न विचारले, आणि दुपारच्याला आदेश. मारायचं नाही, स्वतः किंवा दुसऱ्याकरवी फोन करायचा नाही, माहेरच्या दाराशी, पोरीच्या अंगणवाडीशी फिरकायचं नाही, आणि तिला मदत करणाऱ्या आम्हा घरच्यांच्या अंगावर जायचं नाही. अर्ध्या पानासाठी कोजागिरी ते संक्रांत!

वर प्रत देताना एकजण चहापाण्याचं बघा म्हणला. आदेशाची प्रत फुकट असते, कलम २४, मोबाईलवर दाखवलं तेव्हा पाच मिनिटात निघाली. आणि गंमत बघा, वकील पोरीनं पाठपुरावा केल्यावर आदेश बजवायला टोळी बरोबर सापडली, त्याची सही पण आहे कागदावर.

आता आजचं. परवा रात्री मुकादमाच्या नंबरवरून दाजीचा फोन, "उचलीतला अर्धा तुझ्या अंगावर आहे, गपगुमान ये नाहीतर उचलून नेतो." आक्कानं रेकॉर्ड केलं, शाबास तिची. आदेश आणि रेकॉर्डिंग घेऊन आज ठाण्यात गेलो. अंमलदारानं कागद उलटा केला, सुलटा केला आणि म्हणला, "हे दिवाणीतलं आहे ताई, यात गुन्हा कशाचा दाखल करू, कोर्टातच सांगा." कलम ३१ म्हणतं आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम ३२ म्हणतं दखलपात्र, अजामीनपात्र. मी वाचून दाखवलं तर म्हणला, "तुम्ही वकील आहात का?" नाही ओ साहेब, मी लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांवर नंबर टाकते. पण मला वाचता येतं.

आक्का सगळा वेळ गप होती. बाहेर आल्यावर एवढंच म्हणली, "त्याला कळलं असेल ना गं, की हे लोक काहीच करत नाहीत."

उद्या अकराला परत जायचंय, वकील पोरगी सोबत येते म्हणलीय. आदेशाच्या तीन झेरॉक्स काढल्यात, कायद्याचं पान वेगळं, ३१ आणि ३२ वर पिवळा मार्कर मारलाय. लॅबला अजून सांगितलं नाही, ही अकरावी रजा. आई म्हणायलीय भाकरी बांधून न्या, दिवस जाईल.