अष्टमीची जत्रा रविवारी?

मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी रात्री आमच्या पारावर जो वाद झाला, तो आठवतोय तोवर लिहून ठेवतो. हमरीतुमरी झाली नाही, पण आवाज चांगलेच चढले होते आणि एकदा तर दादा चपला घालून निघालाही होता. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. प्रश्न अजून मिटलेला नाही आणि दोन्ही बाजूंची माणसं माझीच आहेत.

वाई तालुक्यातलं, कृष्णेकाठचं छोटं गाव. पेशवाईतला दगडी घाट, भैरवनाथाचं देऊळ, समोर दीपमाळ, देवळामागं ऊनपावसानं झिजलेले चार वीरगळ. मेणवलीसारखा नाना फडणवीसांचा वाडा आमच्याकडं नाही, म्हणून शूटिंगवाल्यांच्या गाड्या इकडं वळत नाहीत. आमच्याकडं आहे ती जत्रा, चैत्र वद्य अष्टमीची. उन्हाळ्यात गाव जे काही गाव म्हणून जगतं, ते त्या दोन दिवसांत.

तर मुंबईकर मंडळाचं पत्र आलं होतं. पुढच्या वर्षापासून जत्रा मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी घ्यावी, असं त्यात होतं. पत्र दादाच घेऊन आला होता. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, वाशीच्या मार्केटात माथाडी. आमच्या जिल्ह्यातली किती घरं त्या पाठीवरच्या ओझ्यावर उभी राहिली, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. जत्रेची पट्टी, म्हणजे वर्गणी, मागितल्याबरोबर देणारी घरं आज बहुतेक मुंबईचीच.

"यंदा 10 एप्रिल आला," दादा म्हणाला. "शुक्रवार. पोरीचा सोमवारी गणिताचा पेपर. बायको म्हणाली, तुम्ही जाऊन या. मी एकटा आलो, रात्रीचा पालखीचा छबिना बघितला, पहाटेच्या गाडीनं परत गेलो. कामावर गेलं नाही तर त्या दिवसाची मजुरी नाही. पोरगा सातवीत गेला, त्यानं अजून एकदाही पालखीला खांदा दिला नाही. आबा, तुमच्या माघारी काठी कोण नाचवणार, सांगा ना?"

आबा देवस्थानचे जुने मानकरी, एके काळचे पैलवान. ते पाराच्या कडेला हात टेकून बसले होते. म्हणाले, "तिथी देवाची हाय, आपली न्हाई. बावधनच्या लोकांनी बगाडाचा गाडा कधी रविवारी वढलाय का? होळीच्या रात्री कौल लागतो, बगाडावर चढणारा बगाड्या ठरतो आन् रंगपंचमीला सोनेश्वरावरनं बगाड निघतंच. मग वार कुठला का असंना."

"बावधनला उभ्या महाराष्ट्रातनं माणूस येतो, आबा. आपल्याला कोण येतंय? आपणच यायचं असतं. आणि आपणच आलो नाही तर?"

यावर पारावर कुणी बोललं नाही. कारण यंदाचं सगळ्यांनी बघितलं होतं. वेशीपासून घाटापर्यंत पालखीला एकदाही माणूस बदलला नाही. एरवी दर दहा पावलांवर कुणीतरी पाठीवर थाप मारतो, 'सोड आता, मला घेऊ दे' म्हणतो, आणि दांड्याखाली खांदा घालायला भांडण होतं. यंदा मी पुढच्या दांड्याला शेवटपर्यंत तसाच होतो. घाटाच्या पायऱ्या उतरताना सगळा भार पुढच्यांवर येतो. माझ्या उजव्या खांद्यावर दोन दिवस वळ होता. त्यामुळं दादाचं बोलणं मला खोटं म्हणता येत नव्हतं.

गुरुजींनी मग खिशातून छोटं पंचांग काढलं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले आमचे गुरुजी वादात उशिरा उतरतात, पण उतरले की हिशेब घेऊन उतरतात. ते म्हणाले, "तू एका वर्षाचं बोलतोस. जरा मागं बघ. 2024 ला अष्टमी 1 मेला होती. महाराष्ट्र दिनाची सुट्टी, तुम्ही सगळे आला होता. 2025 ला ती 21 एप्रिलला गेली, यंदा 10 एप्रिलला. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून तिथी दरवर्षी मागं सरकते. आता 17 मेपासून अधिक ज्येष्ठ लागतोय. तो महिना मध्ये आला की सगळं पुन्हा पुढं जातं. पुढच्या वर्षी पाडवाच 7 एप्रिलला आहे. म्हणजे आपली अष्टमी 28-29 एप्रिलला. परीक्षा संपलेल्या असतील."

"आणि त्याच्या पुढच्या वर्षी?"

"त्या वर्षी परत एप्रिलच्या मध्यावर," गुरुजींनी सरळ कबूल केलं. "शाळाच आता एप्रिल संपेपर्यंत चालवतात, तिथं पंचांग काय करणार?"

दादा म्हणाला, "म्हणजे तीन वर्षांतनं एकदा माझी पोरं गावाला येणार." आणि तो खरंच उठला. पुतण्यानं हाताला धरून बसवला.

हा पुतण्या पंचविशीतला, ट्रॅक्टर चालवतो, जत्रेची सगळी धावपळ त्याच्यावर असते. मला वाटलं होतं तो रविवारच्या बाजूनं बोलेल, कारण पोरांना सुट्टीचा दिवस हवाच असतो. पण यंदा नारायणगावला तमाशाची सुपारी द्यायला तोच गेला होता. पाडव्याच्या सुमाराला तिथं फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, गावोगावची जत्रा कमिटी येते, तारीख सांगते, सौदा होतो. तारखेवर भाव. चैत्री पौर्णिमा आणि वद्य अष्टमी म्हटलं की दर चढतो, कारण त्या दिवशी अनेक गावांच्या जत्रा.

"मी तिथं हेच विचारलं," तो म्हणाला. "म्हटलं, मेच्या रविवारी काय भाव? तो मॅनेजर हसला. म्हणाला, अहो, अर्धी गावं आता रविवारच मागतात. शनिवार-रविवार धरून फडाला महिन्यात किती दिवस मिळणार? सोमवार ते शुक्रवार शंभर माणसांना तंबूत बसवून जेवायला कोण घालणार? पूर्वी आज या गावात, उद्या त्या गावात, परवा तिसऱ्या गावात असा सलग हंगाम लागायचा. तेव्हा फड जगायचा."

त्याचं हे बोलणं मला फार महत्त्वाचं वाटलं. जत्रा ही एकट्या गावाची नसते. एका गावाची पंचमी, दुसऱ्याची अष्टमी, तिसऱ्याची अमावास्या, अशी ती माळ ओवलेली आहे. पाळणेवाला, गोडीशेव आणि रेवड्यांची दुकानं, बांगड्यांच्या टोपल्या घेऊन येणाऱ्या बायका, हलगीवाले, हे सगळे त्या माळेवरून चालत येतात. आमच्या जत्रेत जिलेबी तळणारा म्हातारा दुसऱ्या दिवशी दुपारी कढई धुऊन, पालथी घालून टेम्पोत चढवतो तो पुढच्या गावाला जाण्यासाठी. सगळ्यांनी एकच दिवस धरला तर त्यानं कुठल्या गावात कढई ठेवायची?

आबांना हे ऐकून जोर आला. "कुस्त्यांचं तसंच हाय. पोरगं आज हितं एका नारळावर लढतं, उद्या तिथं शंभरावर, परवा दोनशेवर. असं जत्रेजत्रेनं चढत जातं. खाशाबा जाधव गोळेश्वरचा. 1952 ला हेलसिंकीला पदक आणलं त्यानं. अशा मातीतनंच पैलवान घडला. एकाच रविवारी वीस गावांत फड भरला तर पोरानं कुठं कुठं लढायचं?"

"आबा, गावात तालीम राहिली आहे का?" दादानं विचारलं. आबा गप्प झाले. तालमीची चावी त्यांच्याकडंच असते, आणि आत गेली दोन वर्षं खताची पोती आहेत. दादानं विचारलं ते बरोबर होतं, पण विचारायला नको होतं असं मला वाटलं.

समोरच्या ओट्यावर काकी सूप घेऊन शेवयांचे गहू निवडत होत्या. इतका वेळ एक शब्द नाही. विजेच्या खांबाचा उजेड ओट्यावर बरोबर पडतो, म्हणून मे महिन्यात त्यांची रात्रीची कामं तिथंच चालतात. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"तुम्ही सगळे पोरांचं बोलताय, फडाचं बोलताय. पोरींचं कुणी बोलंना," त्या म्हणाल्या. "माझी थोरली दिली जावळीत. धाकटी कोरेगावकडं. दोघींच्या सासरच्या जत्रा वेगळ्या, आपली वेगळी. म्हणून त्या अष्टमीला माहेरी येत्यात. सासूला सांगता येतं, आमच्या गावची जत्रा हाय, जाऊन येते. उद्या तुम्ही बी रविवार धरला, त्यांच्या गावांनी बी रविवार धरला, तर पोरगी कुठं असंल? सासरी. साठ माणसांच्या पोळ्या लाटत. सासरची जत्रा टाकून माहेरच्या जत्रेला जाते म्हणणारी सून तुम्ही तरी घरात खपवून घ्याल का?"

पारावर आम्ही नऊ-दहा बाप्ये होतो. एकाच्याही डोक्यात ही गोष्ट आली नव्हती. मुंबईकर मंडळाच्या पत्रातही नव्हती आणि आबांच्या तिथीतही नव्हती.

दादा म्हणाला, "काकी, पण माझी बायको पण कुणाची तरी पोरगीच आहे. तिला गावाला यायला मिळत नाही."

"मग तिला मे महिन्यात पंधरा दिवस आण की. जत्रा कशाला हलवायची? आंब्याला ये, करवंदाला ये, पोरांना घाटावर पोहायला घाल. जत्रेशिवाय गाव नसतंय व्हय?"

काकींचं हे उत्तर मला निम्मंच पटलं. पंधरा दिवस रजा मिळाली असती तर दादा अष्टमीलाच आला नसता का? त्याची अडचण हट्टाची नाही, पोटाची आहे. जे गाव आपल्या माणसाला पोटासाठी बाहेर पाठवतं, त्यानं त्याची सोय बघितलीच पाहिजे, असं मी तिथं बोललोही. पण पोरीबाळींचं माहेर मोडून ती सोय करायची हे मला मान्य नाही, हेही बोललो. दादा माझ्याकडं जरा वेळ बघत राहिला. मी त्याच्या बाजूनं उभा राहीन असं त्याला वाटलं असणार. लहानपणी एकाच पोत्यावर झोपून आम्ही दोघांनी तमाशातला वग बघितलाय, दोघांनी एकदमच घरचा मार खाल्लाय.

गुरुजींनी एक तोडगा सुचवला. देवाचं सगळं अष्टमीलाच: नैवेद्य, पालखी, छबिना, कुस्त्या. आणि मेच्या एका रविवारी मुंबईकरांसाठी गावजेवण आणि देवस्थानची सभा, म्हणजे पट्टी देणाऱ्याला हिशेब विचारायला जागा मिळेल. पुतण्याला हे पटलं. आबांना हिशेबाचा शब्द आवडला नाही, पण ते काही बोलले नाहीत. दादा म्हणाला, "जेवायला बोलवून परत पाठवणार म्हणजे पाहुणा केलात की आम्हाला." यावर गुरुजींकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नाही.

एक वाजून गेला होता. वारा पडला होता, पिंपळाचं पान हलत नव्हतं. काकी आत गेल्या नव्हत्या. तेवढ्यात गुरुजींनी समोर बोट केलं. वैराटगडाच्या अंगाला आभाळ तांबूस झालं आणि अर्धा चंद्र वर आला. त्या दिवशी वैशाख वद्य अष्टमी होती, हे गुरुजींशिवाय कुणाच्या ध्यानात नव्हतं.

आमचा छबिना या चंद्रावर निघतो. संध्याकाळी नाही, बारालाही नाही. दीपमाळेवरचे दिवे पेटलेले असतात, सगळं गाव अंधारात देवळासमोर बसलेलं असतं, लहान पोरं आयांच्या मांडीवर पेंगलेली. गडाच्या अंगाला असा उजेड आला की गुरव शिंग फुंकायला सांगतो आणि पालखी उचलतात. ठरवलेली वेळ नाही, घड्याळ नाही. मेच्या कुठल्यातरी रविवारी हा चंद्र कुठं असेल कोण जाणे. पौर्णिमेजवळ असला तर दिवेलागणीच्या सुमारालाच उगवलेला, अमावास्येजवळ असला तर नाहीच.

यातलं मी काहीच बोललो नाही. दादानं ते माझ्याइतक्याच वेळा बघितलंय.

दादा उठला. या वेळी कुणी हाताला धरलं नाही. पत्राची घडी करून त्यानं ते आबांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "मंडळाला काय सांगायचं ते मी बघतो. पण आबा, तालीम उद्या उघडा. खत माझ्या गोठ्यात टाकू. पोरगं चार दिवस इथं आहे, त्याला निदान लंगोट बांधायला शिकवा."

आबांनी कमरेची चावी चाचपून बघितली. "सकाळी सहाला पाठव," ते म्हणाले. "उन्हं तापायच्या आत."