तर्रीचा डाग कितव्या पानावर?

कादंबरी लिहिताना मला झाला नाही तेवढा त्रास ती लोकांकडून वाचून घेताना झाला. लिहिण्याचे काम मी दोन वर्षे, रात्री साडेदहानंतर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकटीने केले आणि त्यात कोणाचे काही अडले नाही. प्रकाशकाकडे पाठवण्यापूर्वी हस्तलिखित चार जणांना वाचायला द्यावे आणि त्यांचे प्रांजळ मत घ्यावे, असे जाणकार सांगतात. ते चार जण कुठे मिळतात, हे मात्र कोणी सांगत नाही.

कादंबरी कुमारवयीन मुलांसाठी आहे. नागपूरच्या महाल भागातली तीन मुले मारबतीच्या मिरवणुकीसाठी स्वतःचा बडग्या करायचे ठरवतात आणि त्यासाठी आणलेल्या रद्दीत त्यांना एक जुने पत्र सापडते, असे तिचे कथानक आहे. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, की आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी अशा दोन मारबती, म्हणजे बाईचे मोठाले पुतळे, निघतात, त्यांच्यासोबत वर्षभराच्या तक्रारींच्या पाट्या गळ्यात अडकवलेले बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, निघतात आणि ‘घेऊन जा गे मारबत’ अशा आरोळ्यांत सगळ्या इडापिडेची गावाबाहेर पाठवणी होते. एवढा रसरशीत विषय हाती असताना कोणाला कंटाळा येईल, ही शंकाही माझ्या मनाला शिवली नव्हती.

एप्रिलमध्ये मी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जाऊन हस्तलिखिताच्या पाच प्रती काढल्या. प्रत्येकी २१२ पाने, वर स्पायरल. दुकानदाराने गठ्ठा हातात तोलून ‘थिसिस आहे का मॅडम?’ असे विचारले. मुलांची कादंबरी आहे, असे मी अभिमानाने सांगितल्यावर तो म्हणाला, ‘मग पाठपोट काढतो, स्वस्त पडते. पण एवढं जाड पोट्टे वाचतील का?’ एक अक्षरही न वाचता केवळ वजनावरून दिलेले हे मत पुढे सर्वांत नेमके ठरणार आहे, हे मला तेव्हा कळले असते तर मी घरी येतानाच पन्नास पाने उडवली असती.

प्रत्येक प्रतीला मी दहा प्रश्नांचा एक कागद टाचला. ‘कादंबरी कशी वाटली?’ असे विचारले की माणूस ‘छान’ म्हणतो आणि सुटतो, म्हणून मी ‘वाचन कोणत्या पानावर थांबले?’, ‘कोणते पात्र खोटे वाटले?’, ‘पुढे काय होणार हे कुठे आधीच कळले?’ असे पळवाट न ठेवणारे प्रश्न काढले होते. दहाही प्रश्नांची उत्तरे देणारा माणूस मला आजतागायत भेटलेला नाही. नणंदेने मात्र त्या कागदाचा उपयोग केला. प्रत परत आली तेव्हा प्रश्नांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ‘तूरडाळ २ किलो, पोहे १ किलो, वाळा’ अशी यादी होती, आणि यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे बरोबरची खूण होती.

पुण्याच्या दिरांना मी फाइल पाठवली. दुसऱ्याच दिवशी त्यांचा निरोप आला : ‘वहिनी, सुंदर! विशेषतः सुरुवात फार आवडली. भाषा ओघवती.’ तो निरोप मी घरात तिघांना वाचून दाखवला. आठवड्याने काही कारणाने तीच फाइल मी माझ्या फोनवर उघडली, तेव्हा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत टिंबे, चौकोन आणि शेपट्या असलेली रोमन अक्षरे एवढेच दिसत होते. मजकूर मी ऑफिसातल्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला होता. तो युनिकोड नसल्यामुळे, तो फॉन्ट ज्या यंत्रात नाही तिथे त्याचे मराठी कोणालाही दिसणे शक्य नव्हते. दिरांना मी हे अजून सांगितलेले नाही. पुढे युनिकोडात बदललेली फाइल ‘सुधारित आवृत्ती’ म्हणून पाठवली, तेव्हा ‘आधीची जास्त भावली’ असे त्यांनी कळवले.

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी प्रत पूर्ण वाचली, हे आधी कृतज्ञतेने नोंदवते. त्यांनी मला चहाला बोलावले आणि १९२३ साली विदर्भ साहित्य संघाची स्थापना झाली तिथून बोलायला सुरुवात केली. १९७१ साली बालभारतीचे ‘किशोर’ मासिक निघाले तिथवर येईपर्यंत चहाचे दोन कप झाले. माझ्या कादंबरीपर्यंत आम्ही दिवेलागणीला पोहोचलो. तिच्याविषयी त्यांचे मत एकच होते : ‘तुम्ही काळी मारबत १८८५ सालापासून निघते असे लिहिले आहे. काळी १८८१ ची. १८८५ ची पिवळी.’ मी चूक तिथल्या तिथे दुरुस्त केली आणि बाकी कसे वाटले, असे भीतभीत विचारले. ते म्हणाले, ‘बाकी काही चूक सापडली नाही.’ ऱ्हस्वदीर्घ तपासून झाल्यावर उरते ते सगळे बरोबर, अशी त्यांची साधी व्यवस्था होती.

ऑफिसातल्या सहकारी बाईंना मी महिनाभर काही विचारले नाही, कारण विचारणे बरे दिसत नाही. त्यांनीही काही सांगितले नाही. परिणाम असा झाला, की आम्ही दोघी जिन्यात एकमेकींना चुकवू लागलो. उसने पैसे घेतलेला माणूस निदान हसून तरी पुढे जातो. उसनी कादंबरी घेतलेला माणूस खिडकीबाहेर बघतो. अखेर एका दुपारी पाण्याच्या मशीनपाशी गाठ पडलीच, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मॅडम, वाचून राहिली आहे हो, सवडीने.’ यंदा बडग्या करायची वेळ आलीच, तर त्याच्या गळ्यातली पाटी माझ्याकडे तयार आहे.

घरच्या माणसाविषयी थोडक्यात सांगते. ह्यांनी पहिली दोन प्रकरणे वाचली आणि त्यातला कंजूस काका म्हणजे आपणच का, एवढे विचारले. मी नाही म्हटले. तेव्हापासून दोन्ही बाजूंनी त्या विषयावर मौन आहे.

राहिली शेजारची नववीतली मुलगी. खरे तर ज्यांच्यासाठी पुस्तक लिहिले त्यांच्यातली ती एकटीच, आणि तिच्याकडे मी सर्वांत शेवटी गेले, कारण मला तिची भीती वाटत होती. तिच्या आईने ‘सुट्टीत वाचेल, पण पुढच्या वर्षी दहावी आहे’ अशी मुदत घालून परवानगी दिली. मे महिना होता, पारा पंचेचाळिसाच्या आसपास होता आणि ती पोर कूलरसमोर चटई टाकून पालथी पडून वाचत असे. दहा दिवसांनी प्रत परत आली तेव्हा कूलरच्या तुषारांनी पानांना लाटा आल्या होत्या आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात शेरे होते. ‘बोर.’ ‘खूप बोर.’ ‘इथे झोपली.’ एका ठिकाणी नुसतेच ‘काहून?’ होते. मी ते पान चार वेळा वाचले आणि चौथ्या वेळी मलाही तोच प्रश्न पडला.

मग ती स्वतः आली. समोर सोफ्यावर मांडी घालून बसली आणि म्हणाली, ‘काकू, राग नका मानू. पण पोट्टे असं बोलत नाही ना.’ माझा नायक मित्राला म्हणतो, ‘अरे, आता आपण काय करावे बरे?’ ती हसली नाही. तिने समजूतदारपणे सांगितले, ‘महालातला पोट्टा म्हणेल, काय करून राहिला बे?’ मी जन्माने नागपूरची. ज्या गल्लीत मी वाढले तिथे ‘बे’ लावल्याशिवाय वाक्य पुरे होत नसे, आणि दिवाळीत पुण्याची पाहुणी मंडळी आली की आम्ही भावंडे ते ‘बे’ गिळत असू. कादंबरी लिहिताना जणू समोर तीच मंडळी बसलेली असावीत, अशा थाटात मी २१२ पाने पाठ ताठ ठेवून लिहिली होती.

‘आणि हे विषण्ण म्हणजे काय?’ तिने विचारले. मी अर्थ सांगितला. ‘सतरा वेळा आहे,’ ती म्हणाली. ‘मी मोजले.’ शेवटी तिने मुळावरच घाव घातला. तिन्ही मुले सापडलेले पत्र लपवण्यासाठी नव्वद पाने धावतात आणि अखेर ते नाग नदीत पडून वाहून जाते, हा माझा उत्कर्षबिंदू. ‘पण त्यांनी पहिल्याच दिवशी फोटो काढून ग्रुपवर टाकला असता ना. यांच्याकडे फोन नाही का?’ फोन मीच तीन ओळींत बिघडवून ठेवला होता. ‘तिघांचाही?’ असे विचारून तिने माझ्याकडे अशा काही दृष्टीने पाहिले, की त्या क्षणी मला विषण्ण हा शब्द अठराव्यांदा वापरावासा वाटला.

मुलगी घरी गेल्यावर मी परत आलेल्या चार प्रती टेबलावर मांडल्या आणि तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. दहा प्रश्नांना कोणी उत्तरे दिली नसली तरी कागदांनी दिली होती. नणंदेच्या प्रतीत ३८ व्या पानावर तर्रीपोह्यांच्या तर्रीचा केशरी, तेलकट, मागच्या पानापर्यंत झिरपलेला डाग होता, त्यात चण्याचे एक साल चिकटलेले होते, आणि ३९ व्या पानापासून पुढे प्रत कोरी करकरीत होती. ह्यांच्या प्रतीत मेट्रोचे तिकीट ४१ व्या पानाशी घातलेले होते. मुलीचे ‘इथे झोपली’ ४० व्या पानावर होते. मुख्याध्यापकांची प्रत अखेरपर्यंत वापरलेली होती, पण ते सूचिपत्रही अखेरपर्यंत वाचतात. एकमेकांशी न बोलता तीन माणसे अवघ्या चार पानांच्या अंतरात गळाली होती. ३६ व्या पानावर नायकाचे आजोबा महाल वसल्याचा इतिहास सांगायला बसतात आणि ४२ व्या पानावर उठतात.

पावसाळाभर मी आजोबांना उठवले. फोन चालू केले, पत्राची वाट बदलली, ‘बे’ परत आणले आणि विषण्ण एकच ठेवला, तोही कंजूस काकासाठी. पाने १६४ झाली. बर्डीचा दुकानदार गठ्ठा तोलून म्हणाला, ‘आता जमते.’

दुसऱ्या खर्ड्याची प्रत नणंदेकडून गेल्या रविवारी परत आली. ती चहा घेत होती आणि मी तिच्यासमोरच, बरे दिसत नाही हे ठाऊक असूनही, पाने उलटत डाग शोधत होते. ३८ स्वच्छ. ६० स्वच्छ. ९७ व्या पानावर तो सापडला, चांगला रुपयाएवढा, ताजा.

‘अगंबाई, माफ कर हं,’ नणंद ओशाळून म्हणाली. ‘खाताना हातातून सुटतच नव्हती ना.’

मी तिला आणखी एक संत्र्याची बर्फी वाढली आणि पेन्सिल घेऊन ९७ वे पान उघडले.