"स्टेज वन केलं की गाडी रोजच्याला पण मऊ होते" म्हणे

आपल्याकडच्या गाडीवाल्यांत एक फॉरवर्ड फिरतोय. कंपनी इंजिन मुद्दाम दाबून देते, स्टेज वन रिमॅप मारला (म्हणजे पार्ट न बदलता इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची, ईसीयूची, फाईल बदलली) की 25-30 टक्के पॉवर फुकटात, मायलेज वाढतं, क्लचला काही होत नाही आणि ऑफिसला जायला गाडी उलट मऊ होते. मी 75 पीएस (हॉर्सपॉवरच म्हणा) डिझेल स्विफ्टवर हे करून बसलो आणि दीड वर्षाने काढून टाकलं, म्हणून बोलतो.

"तेच इंजिन सियाझमध्ये 90 पीएस देतं, म्हणजे स्विफ्टमध्ये लॉक आहे." अर्धंच खरं. फियाटचं 1.3 लिटरचं डिझेल इंजिन दोन्हीकडे आहे, पण 90 वाल्याला व्हेरिएबल जिओमेट्री टर्बो (इंजिनात हवा कोंबणारा पंखा, पाती वेगानुसार वळणारा), 75 वाल्याला साधा. लोखंडच वेगळं आहे राव. कंपनी थोडी मार्जिन ठेवते हे मान्य, पण ती खराब डिझेल, मे महिन्याचं ऊन आणि सर्व्हिस लांबवणारे आपण, यांच्यासाठी असते.

"रोजच्याला मऊ होते." इथे तर हसूच येतं. सकाळी साडेनऊला नाशिकच्या द्वारका सर्कलला तुम्ही असता दुसऱ्या गिअरात 1200-1500 आरपीएमवर, आणि या इंजिनात टर्बो जागा होतो 2000 च्या आसपास, त्याच्या खाली हवाच पुरत नाही तर जास्तीचं डिझेल टाकून रिमॅप काय करणार, काळा धूर सोडणार. म्हणजे खाली गाडी तशीच मेलेली आणि 2000 ला पहिल्यापेक्षा मोठी लाथ. पुढची रिक्षा दोन हात सरकली की मी पाय द्यायचो, आधी काहीच नाही, मग धक्का, मग ब्रेक, आणि मागे आई मांडीवरची पिशवी घट्ट धरून "अरे हळू रे". मजा आली ती विल्होळीच्या पुढे मोकळ्या हायवेला, महिन्यातून दोनदा. (आली मात्र खरी, खोटं कशाला बोलू.)

"क्लचला काही होत नाही." लग्नाहून येताना कसारा घाटात, चार माणसं आणि डिकी भरलेली, चौथ्यात पाय दाबला तर काटा सरसर 3000 ला आणि स्पीड 60 वरच, वर जळका वास, म्हणजे क्लच घसरत होता. मूळ टॉर्क (इंजिनाचा फिरवायचा जोर) 190 एनएम, क्लच त्या हिशोबाचा. रिमॅपवाल्याचं म्हणणं, क्लच आधीच गेलेला होता. असेल थोडा, पण मग फाईल टाकायच्या आधी बघायचं कोणी? आणि सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीवाल्यांनो (फोक्सवॅगन-स्कोडाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), त्या गिअरबॉक्सची मर्यादा 250 एनएम आणि तुमचं 1.5 टीएसआय पेट्रोल इंजिन कंपनीतूनच 250 देतं, आता टाका वर अजून.

मायलेज? डिस्प्लेवर वाढतं. तो आकडा ईसीयू स्वतःच्या हिशोबाने काढतो आणि तुम्ही नेमका तोच हिशोब बदललाय. टाकी फुल टू फुल मोजा, माझ्यात वाढ शून्य. बीएस6 डिझेलला तर जास्तीची काजळी डीपीएफमध्ये (सायलेन्सरच्या वाटेतला काजळी अडवणारा फिल्टर) साठते आणि गंगापूर रोड ते सातपूर एवढ्या फेरीत ती जळायला लागणारी उष्णताच होत नाही.

"आरटीओला कळत नाही." नसेल कळत. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ माहितीशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

मी मूळ फाईल परत टाकली, नवीन क्लच बसवला आणि त्यातच इंजिन माउंट (इंजिन ज्यावर बसतं ते रबर) अन् पुढच्या सस्पेन्शन आर्मचे रबरी बुश बदलून घेतले. सिग्नलला उभं असताना स्टिअरिंग थरथरायचं ते थांबलं.