होस्ट फॅमिली म्हणजे फुकटचा दवाखाना नाही

परदेशात एखाद्या संस्थेमार्फत व्हॉलंटिअरिंगला जायचंय, होस्ट फॅमिलीकडे, म्हणजे तिथल्याच एखाद्या कुटुंबात राहणार आहे, काय काय न्यायचं, असे मेसेज मला अधूनमधून येत असतात. बॅग कुठली, सिमकार्डचं काय, यजमानांना भेट काय द्यायची, सगळं विचारतात. आजारी पडलो तर काय, हे फार कमी जण विचारतात, आणि विचारलंच तर पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "संस्थावाले म्हणाले घरचे लोक बघतील, एकदम फॅमिलीसारखं असतं." या वाक्यावर माझा मनापासून आक्षेप आहे आणि आज तो सविस्तर लिहिते. पोस्ट मोठी होणार आहे.

घरचे लोक बघतात, त्यात शंकाच नाही. मी जिथे होते तिथे एका रात्री मला ताप, उलट्या, जुलाब सगळं एकदमच सुरू झालं. (देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, गाव लहान आहे, घर लगेच ओळखू येईल.) घरातल्या बाईंना मी आईच म्हणायचे. त्यांनी त्यांचं अंथरूण माझ्या खोलीत दाराशी आणून टाकलं आणि रात्रभर माझी बादली उचलायची, बाहेर नेऊन रिकामी करायची, धुवायची, परत उशाशी आणून ठेवायची, मग माझं डोकं धरायचं, असं चाललं होतं. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावरची भीती मला ग्लानीतसुद्धा दिसत होती. परक्याची पोर आपल्या घरात आहे, हिला काही बरंवाईट झालं तर हिच्या आईबापाला काय तोंड दाखवायचं, पोलीस आले तर काय सांगायचं, हे सगळं त्या बाईच्या डोक्यात चाललं असणार.

संस्थेचा इमर्जन्सी नंबर भिंतीवर चिकटवलेला होता. आईंच्या मुलाने तो रात्रभर लावला, कुणी उचलला नाही. सकाळी त्याने कामावर खाडा केला, शेजाऱ्याची गाडी मागून आणली, मला दवाखान्यात नेलं, तिथे आधी डिपॉझिट भरा म्हणाले तर तेही त्यानेच भरलं. रोजंदारीवरचा पोरगा, खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेलीच. संस्थेचा माणूस उगवला तेव्हा मला सलाईन लागलेलं होतं आणि त्याचा पहिला प्रश्न काय, तर "घरातलं पाणी प्यायलीस का?" म्हणजे रात्रभर जागलं ते घर, पैसे भरले त्या घराने, आणि संशयही त्याच घरावर.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. होस्ट फॅमिली प्रेमाने जे करते तो तिचा मोठेपणा आहे. ती संस्थेची वैद्यकीय व्यवस्था नाही, आणि संस्था जेव्हा तिला व्यवस्था म्हणून दाखवते तेव्हा ती गरीब माणसाच्या चांगुलपणावर स्वतःची जबाबदारी ढकलत असते.

आता घर काय करू शकतं आणि काय नाही हे नीट समजून घेऊ, कारण सगळा घोळ इथेच होतो. जुलाब-उलट्यांत घर खूप काही करू शकतं. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा घातलेलं पाणी पिंपांतून वाटायला सुरुवात केली आणि ते रुग्णांना पाजलं कुणी, तर त्यांच्याच नातेवाइकांनी. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं ते 4 टक्क्यांच्याही खाली आलं. म्हणजे डॉक्टर नसलेला माणूस घोटाघोटाने पाणी पाजून जीव वाचवू शकतो, हे सिद्ध झालेलं आहे. म्हणून ओआरएसची पाकिटं स्वतः घेऊन जा, भरपूर न्या, घरासाठीही न्या. पाकीट नसेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात सपाट 6 चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा म्हणजे चहाचा, 5 मिलीवाला. मीठ अंदाजे टाकायचं नाही, जास्त झालं तर धोका आहे. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत चमच्या-चमच्याने द्यायचं. आणि जुलाब थांबवायच्या गोळ्या ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत.

पण तापाचं काय? ताप घर ओळखू शकत नाही. मलेरिया आहे, डेंग्यू आहे, टायफॉइड आहे का साधा व्हायरल, हे कपाळाला हात लावून कुणालाच कळत नाही, रक्त तपासावंच लागतं. मलेरियाच्या भागात राहत असाल आणि तिथे पोचून आठवडा उलटल्यावर ताप आला, तर सिद्ध होईपर्यंत तो मलेरियाच धरायचा. फाल्सिपेरम जातीचा मलेरिया उपचार नसेल तर 24 तासांतही गंभीर होऊ शकतो. आणि डेंग्यूत उलटं असतं, ताप उतरतो, घरातले सगळे सुटकेचा श्वास टाकतात, "बरी झाली गं" म्हणतात, आणि धोक्याचा काळ तिथूनच सुरू होतो. पोट जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप गळून जाणं किंवा अस्वस्थ होणं, यातलं काहीही दिसलं की थेट हॉस्पिटल. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन नको, रक्तस्राव वाढू शकतो. यातलं किती त्या आईला माहीत असावं अशी आपली अपेक्षा आहे? आणि का असावी? तिने एक खोली दिलीय, नर्सिंगचा कोर्स केलेला नाही.

मोठ्या संस्थांना हे सगळं कळतं, त्यामुळे "संस्थेने स्वतःची वैद्यकीय व्यवस्था ठेवणं कुठे शक्य असतं का" हा मुद्दा मला कुणी सांगू नये. अमेरिकेचा पीस कोअर, म्हणजे व्हॉलंटिअर परदेशी पाठवणारी तिथली सरकारी संस्था, 1961 पासून चालू आहे, त्यांचे बरेच व्हॉलंटिअर होस्ट फॅमिलीकडे राहतात, आणि तरीही ज्या देशात काम आहे तिथे त्यांचे स्वतःचे मेडिकल ऑफिसर असतात. तिथेही चुका झाल्या आहेत. 2013 मध्ये चीनमध्ये त्यांचा एक 23 वर्षांचा व्हॉलंटिअर पोटाच्या आजारानंतर दगावला, चौकशीत उपचारातल्या त्रुटी बाहेर आल्या, घरच्यांनी पाठपुरावा केला, आणि 2018 मध्ये व्हॉलंटिअर्सच्या आरोग्यसेवेबद्दल जो कायदा झाला त्याच्या नावात त्या मुलाचं नाव आहे. म्हणजे डॉक्टर नेमूनसुद्धा चूक होते. मग ज्यांनी डॉक्टर सोडाच, रात्री फोन उचलायला माणूससुद्धा ठेवला नाही त्यांच्याबद्दल काय बोलायचं.

इन्शुरन्सचंही सांगते. "पॉलिसी काढलीय" एवढं पुरत नाही. बऱ्याच पॉलिसीत आधी तुम्ही पैसे भरायचे आणि मग क्लेम करायचा, आणि तुम्ही शुद्धीवर नसाल तर ते पैसे कोण भरतं? तेच घर. त्यामुळे कॅशलेस आहे का, ॲडमिट होण्याआधी त्यांना कळवायची अट आहे का, दुसऱ्या शहरात किंवा देशात हलवायची वेळ आली तर तो खर्च धरलाय का, व्हॉलंटिअरिंगचं काम पॉलिसीत बसतं का, हे निघण्याआधी वाचा. इन्शुरन्स कंपनीचा 24 तास चालणारा मदतीचा नंबर, पॉलिसी नंबर, तुमचा रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं हे सगळं त्या घरातल्या लोकांना वाचता येईल अशा भाषेत एका कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या. आणि थोडी रोख रक्कम पाकिटात बंद करून ठेवा, ही दवाखान्यासाठी आहे हे पहिल्याच आठवड्यात त्यांना सांगून टाका. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्या बिचाऱ्यांचा केवढा ताण जातो.

काही जण म्हणतील, एवढं कागदोपत्री कशाला करायचं, माणुसकी आहे की नाही. माणुसकी आहे म्हणूनच म्हणते. आपण भिडेखातर आजार लपवतो, "उगाच त्यांना त्रास कशाला" म्हणून दार लावून पडून राहतो. आमच्याबरोबरचा एक मुलगा असाच पडून राहिला होता आणि घरच्यांनी दार ढकललं तेव्हा तो धड बोलत नव्हता. तो का लपवत होता? कारण आपण आजारी पडलो की सगळं त्या घरावर पडणार हे त्याला माहीत होतं. फोन उचलणारा कुणी असता तर तो पहिल्याच दिवशी बोलला असता. नीट व्यवस्था असली की माणूस मोकळेपणाने सांगतो.

आणि आणखी एक बाजू आहे जिच्याबद्दल कुणीच बोलत नाही, आपल्यामुळे ते आजारी पडू शकतात. एकच संडास, एकच मोरी, घरात म्हातारं माणूस, तान्हं बाळ. नोरोव्हायरससारख्या पोटाच्या आजारात सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण-पाण्यानेच हात धुवावे लागतात, आणि जुलाब-उलट्या थांबल्यावरही निदान 2 दिवस स्वयंपाकात हात घालायचा नाही. संस्था व्हॉलंटिअरच्या लसी विचारते, त्या घरातल्या लहान मुलांच्या लसींबद्दल कधी चौकशी केलीय का? बादली धुणाऱ्या त्या आईला हातमोजे कुणी दिले होते का?

त्यामुळे फॉर्म भरण्याआधी संस्थेला सरळ विचारा. रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार, त्या माणसाचं नाव काय. जवळचं रक्त तपासणारं केंद्र किती लांब आहे, गाडी कुणाची. घराने खर्च केला तर तो किती दिवसांत परत मिळतो, आणि बुडालेली मजुरी धरता का. घरातल्या लोकांना आजारपणाबद्दल काही ट्रेनिंग दिलंय का. गोलमोल उत्तरं आली तर तिथे जाऊ नका, दुसरी संस्था शोधा. माझ्या त्या डिपॉझिटचे पैसे मी स्वतः परत केले, आई घेत नव्हत्या, मुलाच्या हातात कोंबले. संस्थेकडून त्यांना काही आलं नाही.

आणि परत आल्यावर हे लगेच विसरू नका. मलेरियाचा ताप घरी परतल्यावर काही आठवड्यांनी, कधीकधी महिन्यांनीसुद्धा येतो, तेव्हा पुढचं वर्षभर ताप आला की डॉक्टरांना आधी कुठे राहून आलात ते सांगा. टायफॉइड, कावीळ, टीबी असं काही निघालं तर त्याच दिवशी त्या घरी फोन करा, संस्थेमार्फत निरोप नको, स्वतः करा, आणि त्यांनी तपासण्या करून घेईपर्यंत पाठपुरावा करा. तपासणीचा खर्च संस्थेकडे मागा. देत नसतील तर लेखी मागा.